पिकअपची बॅटरी घ्या मे महिना डोळ्यांसमोर ठेवून

वाशीम जिल्ह्यात पिकअपची बॅटरी मरते मे महिन्यात, आणि ती मेल्याचं कळतं सोयाबीनच्या हंगामात. पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन कारंजा किंवा वाशीमच्या बाजार समितीकडे निघायची वेळ झालेली असते. चावी फिरवावी तर सेल्फ एकदा कण्हतो आणि गप्प होतो. मग धक्का द्यायला माणसं गोळा करायची, आणि दुपारी तालुक्याला जाऊन मिळेल ती बॅटरी आणायची. अशा घाईत घेतलेली बॅटरी पुष्कळदा दोन उन्हाळेही काढत नाही. तो पैसा वाचू शकतो. त्यासाठी बॅटरी नेमकं काय करते, हे एकदा शांतपणे समजून घ्यावं लागतं.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती 500 अंशांच्याही वर तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात हाच दाब साधारण दहा पट असतो. म्हणजे डिझेल इंजिन पहिल्यांदा फिरवायलाच दांडगी ताकद लागते. शिवाय ते पुरेशा वेगाने फिरलं नाही, तर हवा तापतच नाही आणि इंजिन नुसतं फिरत राहतं, पेटत नाही. बीएस-6 गाड्यांत आणखी एक अट असते. इंधन किती आणि केव्हा सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर तोच बंद पडतो. जुन्या पिकअपला उतारावर सोडून गिअर टाकला की काम भागायचं. नव्या गाडीला तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता एक हिशेब करू. पिकअपच्या सेल्फची मोटर समजा दोन किलोवॅटची आहे. जोर लागताना बॅटरीचं व्होल्टेज दहावर येतं, म्हणजे करंट झाला 200 अँपिअर. गाडी पाच सेकंदांत सुरू झाली, तर खर्च झाला पाव अँपिअर-अवरच्या थोडा वर. एवढाच. उलट इंजिन बंद ठेवून हेडलाइट आणि मागचे दिवे तासभर चालू राहिले, तर साधारण 10 अँपिअर-अवर गेले. म्हणजे तीस-पस्तीस वेळा गाडी सुरू करण्याइतकी वीज. बाजार समितीच्या रांगेत रात्रभर उभी असलेली गाडी, चालू टेप, चार्जिंगला लावलेले दोन मोबाइल, वरून बसवलेली जादा एलईडी पट्टी: बॅटरी थकते ती यांच्यामुळे, सेल्फमुळे नव्हे. सेल्फ फक्त तिचा थकवा उघड करतो.

आत काय असतं, तेही पाहू. गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने 1859 मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची पहिली बॅटरी बनवली. तत्त्व आजही तेच आहे. 12 व्होल्टच्या डब्यात सहा सेल, प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या किंचित वर. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या जाळीवर लेप दिलेल्या प्लेटा, मधे सेपरेटर आणि सभोवती ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर बसतं आणि ॲसिड पातळ होतं; चार्जिंगमध्ये ते परत ॲसिडमध्ये येतं. उतरलेल्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, की सल्फेटचे कडक खडे होतात आणि मग ते पूर्णपणे परत विरघळत नाहीत. हंगाम संपल्यावर शेडमध्ये उभी राहिलेली पिकअप नेमकी अशीच गमावते बॅटरी.

पण आपल्याकडचा मोठा शत्रू ऊन आहे. तापमान 10 अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आयुष्य त्याच प्रमाणात आखडतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी तो आणखी किती चढत असेल, याची कल्पना करा. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं, प्लेटांची वरची कड उघडी पडते. तरी मेमध्ये गाडी सुरू होत राहते, कारण उष्णतेत इंजिनचं ऑइल पातळ असतं आणि उरलेली प्लेट जोमाने काम करते. पुढे पहाटेचा गारवा सुरू झाला की झालेलं नुकसान बाहेर पडतं. दोष मग थंडीला दिला जातो.

म्हणूनच दुकानात 'सीसीए किती?' हा पहिला प्रश्न आपल्या कामाचा नाही. सीसीए म्हणजे उणे 18 अंशांवर बॅटरी 30 सेकंद किती करंट देऊ शकते, त्याचा आकडा. अमेरिकेत आणि कॅनडात बर्फात उभ्या राहणाऱ्या मोठ्या डिझेल पिकअपला तो जीवनमरणाचा आकडा आहे. तिथे कित्येक गाड्यांत दोन-दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. मालेगाव-मंगरूळपीरच्या रस्त्यावर डिसेंबरातल्या गारठ्यातही त्याच्या जवळपास जाणारी थंडी नसते. सीसीए गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी नको, पण तो जास्त आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. नुसता सीसीए वाढवायचा तर त्याच डब्यात जास्त आणि पातळ प्लेटा बसवाव्या लागतात, आणि पातळ प्लेट उन्हात लवकर गंजते. आपल्याला हवी जाड प्लेट, पुरेशी क्षमता आणि उष्णता सोसणारी बांधणी.

मात्र नवी बॅटरी घेण्याआधी जुनी खरंच गेली आहे का, हे पाहाच. या पायरीवर मी हट्ट धरतो, कारण चांगली बॅटरी भंगारात आणि दोष गाडीत, असं मी बरेचदा पाहिलं आहे. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. इथे एक गंमत समजून घ्यावी. ॲसिडच्या ग्रॅव्हिटीत, म्हणजे पाण्याच्या तुलनेतल्या घनतेत, 0.84 मिळवले की एका सेलचं व्होल्टेज जवळपास मिळतं. थंड देशांत ॲसिड 1.280 ठेवतात, म्हणून तिकडच्या माहितीत भरलेली बॅटरी 12.7 सांगितलेली असते. उष्ण हवेत घट्ट ॲसिड जाळी लवकर खातं, म्हणून आपल्याकडे पाणी घालायच्या बॅटरीत ते 1.240 च्या आसपास ठेवतात; तिचं भरलेलं व्होल्टेज येतं 12.5. सीलबंद बॅटरीत थोडं जास्त असतं. मीटर 12 च्या खाली गेला असेल तर बॅटरी जवळपास उतरलेली आहे. आधी ती नीट चार्जिंगला लावा, मग निर्णय घ्या. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. पाच सेल सारखे आणि एक 50 पॉइंटांनी, म्हणजे 0.050 ने, खाली असेल, तर तो सेल गेला आणि त्याबरोबर बॅटरीही.

मग सेल्फ मारताना मीटर पाहा. चार्ज झालेली बॅटरी तेव्हा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. त्याहून कमी म्हणजे आपण ज्याला डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटर कमजोर आहे. 15 कडे जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नव्या बॅटरीचंही पाणी उकळून टाकेल. शेवटी इंजिन ते चेसिस जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. काळ्या मातीच्या पांदणीतून फिरणाऱ्या गाडीत तिचा बोल्ट चिखलाने गंजतो, आणि सेल्फ ओढत नाही म्हणून बॅटरीला बोल लागतो. हा बोल्ट घासून घट्ट करायला दहा मिनिटं लागतात.

हे सगळं पाहून बॅटरीच बदलायची ठरली, तर जुन्या बॅटरीच्या अंगावरचा कोड वाचा. समजा तो 80D26R आहे. यातला 80 हा आकडा अँपिअर-अवर समजण्याची चूक सर्रास होते. जपानी पद्धतीत तो एकूण कामगिरीचा क्रमांक आहे. अशा बॅटरीची क्षमता प्रत्यक्षात 65-70 अँपिअर-अवरच्या आसपास असते. D वरून रुंदी आणि उंची कळते, 26 म्हणजे लांबी 26 सेंटिमीटर, आणि शेवटचं R किंवा L पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. टर्मिनल आपल्याकडे करून जुनी आणि नवी शेजारी ठेवा आणि अधिकचं चिन्ह त्याच हाताला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. उलटं असेल तर केबल पोहोचत नाही, मग कोणीतरी ती ताणून बसवतं, आणि पुढे कधीतरी ती पत्र्याला घासून शॉर्ट होते.

अँपिअर-अवरचा आकडा 20 तासांच्या दराने दिलेला असतो. 80 चा अर्थ 4 अँपिअर 20 तास. 80 अँपिअर एक तास नव्हे, कारण जोरात ओढलं की बॅटरी कमीच देते. गाडीच्या पुस्तकातल्या क्षमतेपेक्षा लहान बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. एक पायरी मोठी चालते, पण ट्रेमध्ये बसली पाहिजे आणि वरची पट्टी घट्ट आवळली गेली पाहिजे. ती पट्टी मला फार महत्त्वाची वाटते. शिवाररस्त्याच्या हादऱ्यांनी सैल बॅटरीतल्या प्लेटांचा लेप झडून तळाशी साचतो, आणि तो साचलेला गाळ प्लेटांना खालून जोडला की सेल आतून शॉर्ट. इंजिन सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल, तर मात्र कंपनीने सांगितलेलाच खास प्रकार घ्यावा. साधी बॅटरी तिथे टिकत नाही.

पाणी घालायची की सीलबंद? सीलबंद बॅटरीच्या जाळीत कॅल्शियम असतं, तिचं पाणी फार कमी उडतं. दर महिन्याला झाकणं उघडून पाहणारा ड्रायव्हर नसेल, तर तीच घ्या. स्वतः गाडी सांभाळणाऱ्याला मी पाणी घालायची सुचवेन, कारण उन्हाळ्यात तिची पातळी पाहता येते, सेल तपासता येतात, आणि खोल उतरल्यावर ती बऱ्याचदा चांगली सावरते. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा बिघडवतात. ॲसिड वरून कधीच ओतू नये.

यानंतर तारीख. बॅटरी दुकानात पडून असतानाही उतरत असते आणि उन्हात आणखी लवकर. डब्यावरचा उत्पादनाचा कोड दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपलीकडची नको. 'आताच चार्ज केली भाऊ' यावर थांबू नका, समोर मीटर लावायला सांगा. डब्यावर आयएसआय खूण आणि भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, तेही पाहा. गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी आयएस 7372 आणि आयएस 14257 ही मानकं आहेत. जुन्या डब्यात नव्या प्लेटा भरून विकलेल्या लोकल बॅटरीवर यातलं काही खरं नसतं.

वॉरंटीचे आकडे नीट वाचा. '18 अधिक 18' म्हणजे पहिले 18 महिने मोफत बदल आणि पुढचे 18 महिने नव्या बॅटरीवर सूट. ही सूट बहुधा छापील किमतीवर असते, आणि बाजारात तर बॅटरी छापील किमतीपेक्षा कमीत मिळते. त्यामुळे दुसऱ्या आकड्याचा फायदा दिसतो तेवढा नसतो. तुलना पहिल्या आकड्याची करा. मालवाहू गाडीला वॉरंटी अनेकदा खाजगी गाडीपेक्षा कमी असते, म्हणून कार्डावर गाडीचा नंबर आणि प्रकार खरा लिहून घ्या. एमएच-37 ची पिवळी पाटी आणि कार्डावर खाजगी कार, असं असलं तर बदल नाकारला जातो.

बसवताना निगेटिव्ह केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे बिडी-काडी नको. दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टवर चालणारा ट्रक तुमच्याकडे असेल, तर जोडी एकदमच बदला, कारण जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर ओढते.

आणि जुनी बॅटरी दुकानदाराकडेच परत द्या. तिच्या वजनाचे पैसे बिलातून वजा होतात. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण तो ॲसिड नाल्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. तो धूर आणि ती माती जवळ खेळणाऱ्या लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. बॅटरी कचऱ्याचे 2022 चे नियम वापरणाऱ्यावरही ती योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी टाकतात. पावतीवर 'जुनी जमा' लिहून घ्या, नव्या बॅटरीच्या झाकणावर रंगाने आजची तारीख टाका, आणि दरवर्षी एप्रिल लागण्याआधी एकदा बॉनेट उघडा.