'कोणतं फ्रेमवर्क चांगलं?' यावर पीएच.डी. होत नाही, मग कशावर होते?

पेट पास झाली, गाईड ठरले, आता विषय ठरवायचा आहे. कॉम्प्युटर किंवा आयटीकडून आलेल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या कच्च्या प्रस्तावात एक शीर्षक हमखास दिसतं: 'रिअ‍ॅक्ट, अँग्युलर आणि व्ह्यू यांचा तौलनिक अभ्यास'. तिन्हींत एकच छोटं अ‍ॅप बनवायचं, पान किती मिलिसेकंदांत उघडतं ते मोजायचं, तक्ता करायचा आणि विजेता जाहीर करायचा. काम दोन-तीन महिन्यांत उरकतं. पण होतं काय, की प्रबंध सादर होईपर्यंत तिन्हींच्या नव्या आवृत्त्या आलेल्या असतात. तुमचा तक्ता तेव्हा इतिहास झालेला असतो, आणि तुमच्या हातातली चार वर्षंही गेलेली असतात.

म्हणून आज याच विषयाबद्दल बोलू. छोटी टीम वेब डेव्हलपमेंटची टूल्स आणि कामाच्या पद्धती कशी निवडते, हा विषय वाईट नाही, उलट चांगलाच आहे. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा.

एक टीम डोळ्यांसमोर ठेवा

समजा, खामगावात चार जणांची एक टीम आहे. उदाहरण कल्पित आहे, पण अशा टीम तुमच्या ओळखीत असतीलच. दोघं पाच-सहा वर्षं काम करणारे, दोघं नुकतेच शेगाव किंवा चिखलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. कापूस आणि सोयाबीन घेणाऱ्या एका व्यापारी संस्थेचं काम त्यांना मिळालं आहे: शेतकऱ्याची नोंद, काट्याची पावती आणि पैसे जमा झाले की मराठीत एसएमएस.

आता या टीमपुढचे खरे प्रश्न बघा. दसरा-दिवाळीनंतर आवक वाढली की सिस्टिम बंद पडून चालणार नाही. ग्राहक वर्षाला ठरावीक रक्कम देणार, त्यातच सर्व्हर आणि दुरुस्ती दोन्ही भागवायचं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: चारपैकी एकाला पुण्यात नोकरी लागली, तर त्यानं लिहिलेला कोड कोण सांभाळणार?

या यादीत 'पान किती मिलिसेकंदांत उघडतं' हा प्रश्न कितव्या नंबरला येतो? फार खाली. तौलनिक अभ्यास नेमका तिथेच घसरतो. जे सहज मोजता येतं ते तो मोजतो, आणि टीमला ज्याची काळजी आहे ते तसंच राहून जातं.

मोठ्या डेटानं सुटेल का?

तुम्ही म्हणाल, छोटी तुलना सोडा, गिटहबवरून हजारो प्रोजेक्ट घेऊ. हे झालेलं आहे, आणि त्याची गोष्ट संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं वाचायलाच हवी.

२०१४ मध्ये रे आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिटहबवरचे ७२९ प्रोजेक्ट, १७ प्रोग्रॅमिंग भाषा, जवळपास १५ लाख कमिट. प्रश्न असा: भाषेचा आणि कोडमधल्या बगचा संबंध आहे का? निष्कर्ष होता, की काही भाषांत बगच्या दुरुस्त्या थोड्या कमी, काहींत थोड्या जास्त. फरक लहान आहे हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं. पण बाहेर चर्चा झाली ती 'अमुक भाषा चांगली, तमुक वाईट' अशीच.

२०१९ मध्ये बर्गर आणि सहकाऱ्यांनी तोच अभ्यास पुन्हा करून बघितला. मूळ अभ्यासात ११ भाषांचा बगशी लक्षणीय संबंध दिसला होता. डेटा स्वच्छ करून आणि संख्याशास्त्र काटेकोर लावून बघितल्यावर त्यातल्या फक्त ४ उरल्या, आणि त्यांचाही प्रत्यक्ष परिणाम अगदी नगण्य निघाला.

डेटात अस्वच्छ काय होतं? एकच नमुना सांगतो. टाइपस्क्रिप्ट ही भाषा २०१२ मध्ये जाहीर झाली, पण मूळ डेटात टाइपस्क्रिप्टचा पहिला कमिट होता २००३ चा! भाषा जन्माला यायच्या नऊ वर्षं आधी तिच्यात कोड कोण लिहीत होतं? कोणीच नाही. फाईलच्या नावाच्या शेवटी 'टीएस' दिसलं की ती टाइपस्क्रिप्ट, असं धरलं गेलं होतं. पण एका जुन्या पद्धतीत अनुवादाच्या फायलींनाही तेच शेपूट असतं. म्हणजे दुसऱ्या मानवी भाषेतले शब्द साठवलेल्या फायली प्रोग्रॅम म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

यातून घ्यायचं ते हे, की डेटा मोठा असला म्हणून प्रश्न सुटत नाही. लाखो ओळी डाऊनलोड केल्यावर त्यातल्या पन्नास फायली स्वतः उघडून डोळ्यांनी बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुमचा निष्कर्ष त्यावरच उभा राहतो.

मग पक्कं काय माहीत आहे?

काही गोष्टींना बऱ्यापैकी आधार आहे. तीन सांगतो.

पहिली, टाइप तपासणीबद्दल. २०१७ च्या एका अभ्यासात गाओ, बर्ड आणि बार यांनी जावास्क्रिप्टमधले दुरुस्त झालेले ४०० बग घेतले आणि विचारलं, टाइपस्क्रिप्ट किंवा फ्लो वापरलं असतं तर यातले किती आधीच पकडले गेले असते? उत्तर आलं, सुमारे १५ टक्के. हा प्रश्न किती नेमका आहे ते बघा. 'टाइपस्क्रिप्ट चांगलं का?' असं त्यांनी विचारलं नाही. कोणत्या प्रकारचे बग, कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात, असं विचारलं. म्हणून उत्तर वापरता येतं. आपल्या खामगावच्या टीमला आता ठरवता येईल, की १५ टक्क्यांसाठी नवीन गोष्ट शिकायचा खर्च परवडतो का.

दुसरी, माणसांबद्दल. 'ट्रक फॅक्टर' अशी एक कल्पना आहे. किती माणसं अचानक गेली की प्रोजेक्ट ठप्प होईल, तो आकडा. नाव जरा भयंकर आहे, पण आपल्याकडे ट्रकची गरज नाही, पुण्याची ऑफर पुरते. अवेलिनो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गिटहबवरचे १३३ लोकप्रिय प्रोजेक्ट तपासले, तेव्हा त्यातल्या ६५ टक्क्यांचा ट्रक फॅक्टर दोन किंवा त्याहून कमी निघाला. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टची ही अवस्था, तर चार जणांच्या टीमचं काय असेल?

तिसरी, टूलच्या आयुष्याबद्दल. अँग्युलर-जेएस २०१० मध्ये आलं आणि २०२१ च्या अखेरीस त्याचा अधिकृत आधार संपला. मधल्या काळात २०१६ मध्ये आलेलं नवं अँग्युलर जवळपास पूर्ण नव्यानं लिहिलेलं होतं, त्यामुळे जुना कोड जसाच्या तसा चालवायची सोय नव्हती. व्ह्यूची दुसरी आवृत्ती २०१६ ची, आधार संपला २०२३ च्या अखेरीस. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल १४ वर्षं टिकलं. संस्थेला तिचं सॉफ्टवेअर दहा वर्षं चालवायचं असेल, तर हे आकडे मिलिसेकंदांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

याच्या जोडीला २२ मार्च २०१६ ची घटना लक्षात ठेवा. 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतली आणि जगभरातल्या असंख्य प्रोजेक्टचं बिल्ड अडकलं. त्यातल्या बहुतेकांना आपण ती लायब्ररी वापरतोय हेही माहीत नव्हतं. दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून ती आली होती. टूल निवडताना आपण एकच गोष्ट निवडत नसतो, तिच्या मागची अख्खी वरात घरात घेत असतो.

डॅन मॅकिन्ली यांचा २०१५ चा एक लेख याच कारणानं गाजला. त्यांचं म्हणणं साधं आहे: नवेपणासाठी प्रत्येक कंपनीकडे साधारण तीनच टोकन असतात असं समजा, ती जपून खर्च करा. बाकी ठिकाणी जुनं, सगळ्यांना येणारं, ज्याच्या खोडी माहीत आहेत असं तंत्रज्ञान घ्या. पण लक्षात ठेवा, हा अनुभवावरचा लेख आहे, पुरावा नाही. प्रस्तावात त्याचा उल्लेख मत म्हणूनच करायचा.

आपल्या जिल्ह्यातला एक निर्णय

बुलढाणा जिल्ह्याची अधिकृत वेबसाईट तुम्ही पाहिली असेल. आता शेजारच्या अकोल्याची किंवा वाशिमची उघडा. मांडणी ओळखीची वाटेल. ही एकसारखी रचना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, 'एस-थ्री-वास' या सामायिक व्यवस्थेतून येते. सुरक्षितता, अपंगांना वापरता येणं, अनेक भाषा या गोष्टी मध्यवर्ती पातळीवर एकदाच सोडवल्या जातात आणि जिल्हा मुख्यत्वे मजकूर भरतो.

टूल निवडीचा हा एक वेगळाच प्रकार आहे. इथे निर्णय 'कशात बनवायचं?' हा नसून 'आपण बनवायचंच नाही' हा आहे. फायदा उघड आहे. माणूस बदलला तरी साईट बंद पडत नाही. किंमतही आहे. जिल्ह्याला काही वेगळं हवं असेल, तर चौकट आडवी येते. ही किंमत नेमकी कुठे आणि किती, हा अभ्यासाचा उत्तम प्रश्न आहे. आपल्या तौलनिक तक्त्यात तर 'न बनवणे' हा रकानाच नसतो!

मराठी हाही निकष आहे

आणखी एक गोष्ट परदेशी पेपरांत क्वचितच सापडेल. आपल्या टीमचा एसएमएस मराठीत जातो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि तिथे काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे तीच सूचना मराठीत दोन-तीन मेसेजची होते आणि खर्च तितका वाढतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, नाहीतर शोध चालत नाही. 'हे टूल मराठी मजकूर किती नीट हाताळतं?' हा प्रश्न इथल्या टीमला रोज पडतो. तुमच्याकडे भाषा आहे, टीम जवळ आहेत. बाहेरच्या संशोधकाला हे दोन्ही नाही.

प्रश्न असा बांधा

कच्चा प्रश्न: 'रिअ‍ॅक्ट चांगलं की व्ह्यू?'

पक्का प्रश्न: 'बुलढाणा जिल्ह्यातल्या दहापेक्षा कमी माणसांच्या टीम टूल निवडताना प्रत्यक्षात कोणते निकष लावतात, आणि निवड करणारा माणूस गेल्यावर त्या निवडीचं काय होतं?'

दुसऱ्या प्रश्नात कोण, कुठे आणि किती काळ हे तिन्ही आहे. टूलची आवृत्ती बदलली तरी तो शिळा होत नाही. याला केस स्टडीची पद्धत लागते. रुनेसन आणि ह्योस्ट यांचा २००९ चा मार्गदर्शक पेपर तिथून सुरुवात करायला चांगला आहे. करताना चार गोष्टी सांभाळा.

एक, फक्त मुलाखतीवर विसंबू नका. 'हे टूल का घेतलं?' असं विचारलं की माणूस नंतर सुचलेलं नीटनेटकं कारण सांगतो. खरं कारण बऱ्याचदा 'मला तेच येत होतं' एवढंच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. म्हणून गिटचा इतिहास, जुने मेल, सर्व्हरची बिलं हेही बघा आणि मुलाखतीशी ताडून पाहा.

दोन, टीमला निर्णय लिहून ठेवायला सांगा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे: एका निर्णयाला एक-दोन पानं, त्यात परिस्थिती काय होती, काय ठरवलं, परिणाम काय होतील. टीमला उपयोग, तुम्हाला त्या वेळचा पुरावा.

तीन, सहा टीमचा अभ्यास करून 'जिल्ह्यातल्या ६७ टक्के टीम' असं लिहू नका. सहापैकी चार म्हणजे चारच. केस स्टडी टक्केवारी देत नाही. एखादी गोष्ट कशी आणि का घडते, ते ती दाखवते.

चार, नाव लपवणं इथे अवघड आहे. पुण्यात 'चार जणांची टीम' म्हटलं तर कोणाला कळणार नाही. पण 'खामगावातली, कापूस व्यापाऱ्यांचं काम करणारी टीम' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. तेव्हा १३ तालुक्यांपैकी कोणता ते लिहू नका, धंद्याचा तपशील सैल करा, आणि छापण्याआधी तो भाग टीमला वाचायला द्या. कोड बघायचा असेल तर टीमची आणि ग्राहकाची, दोघांची लेखी परवानगी घ्या.

या आठवड्यात करून बघा

कॉलेजातला दोन-तीन वर्षांपूर्वीचा एक फायनल इयर प्रोजेक्ट मागून घ्या. नव्या कॉम्प्युटरवर, फक्त त्यासोबत लिहून ठेवलेल्या सूचना वाचून, तो सुरू करायचा प्रयत्न करा. बनवणाऱ्याला फोन करायचा नाही. घड्याळ लावा. जिथे जिथे अडाल तिथे एक ओळ लिहा: सूचना नव्हती, लायब्ररी आता मिळत नाही, पासवर्ड कोणाकडे आहे माहीत नाही, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

मग त्या ओळींचे गट पाडा. किती अडचणी टूलमुळे आल्या आणि किती माणसांच्या सवयींमुळे? असे पाच प्रोजेक्ट झाले, की प्रस्तावात जोडण्यासारखा छोटा पूर्व-अभ्यास तुमच्या हातात असेल. गाईडसमोर तौलनिक तक्त्यापेक्षा तो घेऊन जा.