स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या प्रतिपिंडाधारित चाचण्या व पेटंट

रक्तातील विशिष्ट रेणूचे प्रमाण प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजून स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा मागोवा घेणाऱ्या चाचण्यांना प्रतिपिंडाधारित चाचण्या म्हणतात. ‘सीए १९-९’ ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित चाचणी होय. अशा चाचणीतील कोणत्या घटकावर पेटंट (एकस्व) मिळू शकते, याचे नियम देशपरत्वे भिन्न आहेत. मानवनिर्मित प्रतिपिंड किंवा चाचणी-संच यांना संरक्षण मिळू शकते. मात्र रेणू व रोग यांच्यातील निसर्गसिद्ध संबंधावर मक्तेदारी मिळणे कठीण असते.

पार्श्वभूमी

स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असते. तेथील कर्करोगाची लक्षणे आरंभी दिसत नाहीत, किंवा अपचन व पोटदुखी अशी सर्वसामान्य असतात. कावीळ किंवा वजनातील घट लक्षात येईपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. शस्त्रक्रियेने गाठ काढणे हाच रोगमुक्तीचा मुख्य मार्ग असला, तरी निदानसमयी तो सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांनाच उपलब्ध असतो. त्यामुळे रोग लवकर ओळखणाऱ्या रक्तचाचणीचा शोध महत्त्वाचा मानला जातो.

चाचणीचे तत्त्व

प्रतिपिंड हे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने तयार केलेले प्रथिन असून ते ठरावीक प्रतिजनालाच चिकटते. चाचणीत एक प्रतिपिंड रक्तातील प्रतिजन पकडून ठेवते आणि खूण लावलेले दुसरे प्रतिपिंड त्याचे प्रमाण दाखवते. एकाच प्रकारची (मोनोक्लोनल) प्रतिपिंडे हवी तेवढी निर्माण करण्याचे हायब्रिडोमा तंत्र सेझार मिलस्टाइन व जॉर्जेस कोलर यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे विकसित केले. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात दोघेही सहविजेते होते.

सीए १९-९ चा इतिहास

या तंत्राचे पेटंट ब्रिटनमध्ये घेतले गेले नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेच्या हिलरी कोप्रोव्स्की व सहकाऱ्यांना मात्र अर्बुदांविरुद्धच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांबाबत १९७९ मध्ये आणि विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांबाबत १९८० मध्ये अमेरिकी पेटंटे मिळाली. त्यांच्या कामासाठी लागणाऱ्या मायलोमा पेशी मिलस्टाइन यांच्याच प्रयोगशाळेतून आल्या असल्याने ब्रिटनमध्ये यावर बरीच टीका झाली.

याच संस्थेत मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी उंदरांना टोचून ‘१९-९’ हे प्रतिपिंड मिळवण्यात आले. १९७९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते ज्या शर्करायुक्त प्रतिजनाला चिकटते, त्याचे प्रमाण स्वादुपिंडाच्या कर्करोगात अनेकदा वाढलेले आढळते. १९७९ मध्येच स्थापन झालेल्या सेंटोकॉर या कंपनीने विस्टारकडून परवाना घेऊन चाचणी-संच बाजारात आणला.

मर्यादा

सीए १९-९ चे प्रमाण सामान्यतः मिलिलिटरला ३७ एककांपर्यंत प्राकृत मानतात. पित्तमार्गातील अडथळा किंवा स्वादुपिंडदाह यांतही ते वाढते. ‘लुईस’ रक्तगटाचे प्रतिजन नसलेल्या सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींत ते जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून ही चाचणी मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी वापरली जाते.

रोग विरळ असणे हीदेखील अडचण आहे. समजा, १,००,००० व्यक्तींपैकी १५ जणांना हा रोग आहे आणि चाचणी केवळ १ टक्का निरोगी व्यक्तींना चुकून रोगी ठरवते. तरीही १५ खऱ्या रुग्णांबरोबर सुमारे १,००० निरोगी व्यक्ती पुढील तपासण्यांच्या फेऱ्यात सापडतील. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांची या रोगासाठी सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस कायम ठेवली.

पेटंटविषयक कायदे

*अमेरिका* : ‘मेयो विरुद्ध प्रोमिथियस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निसर्गनियम व त्याला जोडलेल्या नेहमीच्या कृती पेटंटपात्र नसल्याचे ठरवले. २०१९ मध्ये ‘अथेना विरुद्ध मेयो’ खटल्यात स्नायुदुर्बलतेच्या एका रोगाचे प्रतिपिंडांवरून निदान करण्याच्या पद्धतीचे पेटंट याच आधारे अवैध ठरले.

*युरोप* : युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५३(सी) नुसार मानवी शरीरावर प्रत्यक्ष केल्या जाणाऱ्या निदानपद्धती वगळल्या आहेत. शरीराबाहेर काढलेल्या नमुन्यावरील चाचण्यांना ही बंदी लागू होत नाही.

*भारत* : पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(आय) नुसार मानवावरील उपचारांच्या प्रक्रियांमध्ये निदानाच्या प्रक्रियाही पेटंटमधून वगळल्या आहेत, ‘निदान’ हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने आला. ही बंदी केवळ शरीरावर केलेल्या प्रक्रियांपुरती मर्यादित नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. ही बंदी प्रक्रियांना असल्याने संचासारख्या वस्तूंचा विचार अन्य कसोट्यांवर होतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

मतभेद

संरक्षणाचे समर्थक म्हणतात की, हजारो व्यक्तींवर दीर्घकाळ चाचणी पडताळण्याचा खर्च मक्तेदारीच्या आशेशिवाय कोणी उचलणार नाही. विरोधकांच्या मते, रोगाची खूण एकाच्या मालकीची झाल्यास चाचणी महागते आणि इतरांना तिच्यात सुधारणा करणे अवघड होते.

पेटंट कार्यालय नावीन्य, कल्पकता व औद्योगिक उपयोजन तपासते. चाचणीमुळे रुग्णांचे आयुष्य वाढते का, हे तपासत नाही. त्यामुळे ‘पेटंट मिळालेली चाचणी’ आणि ‘रुग्णांवर सिद्ध झालेली चाचणी’ या दोन स्वतंत्र गोष्टी ठरतात.