धाकाने विद्या येते काय?

मुले धाकात असल्यावाचून अभ्यास करीत नाहीत, हे मत पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत आणि निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्यास पुराव्याची आवश्यकता आहे असे कोणास वाटतच नाही. अलीकडे तर त्याला शास्त्राचा दाखलाही जोडतात: मध्यम ताणाखाली बुद्धी उत्तम चालते, असे येर्क्स व डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे म्हणे. हा दाखला देणाऱ्यांनी मूळ निबंध एकदा तरी वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

1908 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात विद्यार्थी नाहीत, परीक्षा नाही, शाळाही नाही. त्यात उंदीर आहेत, आणि पांढऱ्या-काळ्या पेट्यांतला भेद त्यांना कळावा म्हणून चुकीच्या पेटीत शिरताच त्यांना विजेचा धक्का दिला जात असे. भेद ढळढळीत असताना तीव्र धक्क्याने शिकणे जलद झाले हे खरे. परंतु तोच भेद ओळखणे कठीण केले, तेव्हा तीव्र धक्क्याने शिकणे रखडले आणि सौम्य धक्काच उपयोगी पडला. उंदरांवरून मुलांविषयी अनुमान काढणे मुळात धोक्याचे. तरीही कोणास ते काढायचेच असेल, तर विषय जितका कठीण तितका धाक कमी हवा, एवढेच निघते. आपण मात्र नेमका गणिताच्या तासालाच आवाज चढवतो!

कठीण विषयात धाक का नडतो, हे फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले तरी ध्यानात येईल. सत्तेचाळीस गुणिले सहा करताना सहा सत्ते बेचाळीस म्हणायचे, दोन मांडायचे, चार हातचे लक्षात ठेवायचे, सहा चोक चोवीस म्हणायचे आणि त्यात ते चार मिळवायचे. हा हातचा मनाच्या ज्या अल्पशा जागेत धरून ठेवायचा, तीच जागा ‘चुकलो तर सर्व हसतील’ ही चिंता व्यापते. मुलाला पाढा येत असतो. हातचा तेवढा हरवतो, आणि आपण शेरा मारतो की अभ्यास केलेला नाही.

मग शिक्षकाने करावे तरी काय? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तोच अवधी तीन सेकंदांवर नेताच उत्तरे विस्तृत झाली आणि आपण होऊन बोलणारी मुले वाढली. यास ना अनुदान लागते, ना परिपत्रक. आणि याची गरज आपल्याकडेही आहेच: राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2022 साली सहावी ते बारावीच्या सुमारे 3,80,000 विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी 81 टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हेच चिंतेचे कारण सांगितले. त्या चिंतेतला निदान वर्गातला वाटा कमी करणे आपल्या हाती आहे.

हुशार मुलांना ताण नसतो, हाही भ्रमच; पहिला क्रमांक सुटण्याचे भय शेवटच्या बाकावर क्वचितच असते. चाचण्या बंद केल्या की ताण संपेल, हेही खरे नव्हे: गुण न देता, वही मिटून घेतलेल्या पाच मिनिटांच्या उजळणीने पाठ पक्का होतो आणि परीक्षेचे भय ओसरते. ताण कमी करणे हे काम समुपदेशकाचे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी तो आठवड्यातून किती तास शाळेत असतो, हे पाहावे. आणि सर्वांसमक्ष गुण वाचून कमी गुणांच्या मुलाला उभे करणे ही शिस्त आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम काढून पाहावे. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही तेथे स्पष्ट मनाई आहे, आणि ती मोडणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.