दोन रक्तांमधील साखरेचा उतार

गाय किंवा म्हैस व्याली, की घरातील जाणती माणसे जार पडण्याची वाट पाहत गोठ्याशी बसून राहतात. पडले की लांब नेऊन पुरायचे, म्हणजे काम संपले! माणसांत याच अवयवाला आपण वार म्हणतो. वजन सुमारे अर्धा किलो, आकार जेवणाच्या ताटलीएवढा. नऊ महिने याच ताटलीतून बाळ जेवत असते.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. पुढे वाचा, म्हणजे ओहमचा नियम भेटेल.

आईचे रक्त नाळेतून बाळात वाहते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. वारेत बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अंकुरांच्या आत बाळाचे रक्त फिरते आणि बाहेरून आईचे रक्त त्यांना न्हाऊ घालते. मधला पडदा मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकाच जाड. पण दोन्ही रक्ते मिसळत नाहीत. हे सारे अंकुर उलगडून पसरले, तर पृष्ठभाग 10 ते 12 चौरस मीटर, म्हणजे लहानशा खोलीच्या जमिनीएवढा भरेल.

आता साखर पलीकडे कशी जाते? आईच्या 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम ग्लुकोज असेल, तर बाळाच्या रक्तात ते 60 च्या आसपास असते. हा झाला उतार. उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाते, तसे ग्लुकोज या उतारावरून आपोआप घरंगळते. त्यासाठी वारेला ऊर्जा खर्चावी लागत नाही. मात्र एक अडचण आहे. पेशीचे आवरण तेलकट असते आणि ग्लुकोजचा रेणू पाण्यात रमणारा. म्हणून आवरणात 'ग्लट-1' नावाची वाहक प्रथिने बसविलेली असतात. असे प्रथिन एका बाजूला उघडते, रेणू आत घेते, आपला आकार बदलते आणि दुसऱ्या बाजूला उघडते. हे केवळ भोक नव्हे, याला उत्तम पुरावा आहे. प्रसूतीनंतरची ताजी वार प्रयोगशाळेत द्राव खेळवून काही तास कार्यक्षम ठेवता येते. तिला नेहमीचे ग्लुकोज दिले की ते झपाट्याने पलीकडे जाते. त्याचेच आरशातील प्रतिबिंब असलेले ग्लुकोज दिले, तर ते फार मंद गतीने जाते. भोकाला उजवे-डावे कळले नसते!

आईकडील आवरणात हे वाहक भरपूर असतात, बाळाकडील आवरणात कमी. एकसर जोडलेले दोन रोध आठवा: अधिक अडवणूक दुसऱ्या दाराशी होते. शिवाय वार स्वतःच जिवंत असल्याने जकात नाक्याप्रमाणे आपला वाटा काढून घेते, आणि तो काही थोडाथोडका नसतो.

मग उतार सपाट का होत नाही? कारण बाळ साखर सतत जाळत असते. दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 5 मिलिग्रॅम धरा. 3 किलोच्या बाळाला दिवसाला किती लागेल, गुणाकार करून पाहा. उत्तर 20 ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे चहाचे चार चमचे येईल. (शेळ्या-मेंढ्यांत आणखी गंमत आहे. त्यांची वार काही ग्लुकोजचे फ्रुक्टोज बनविते; ते आईकडे परतत नाही व गर्भाच्या रक्तात साठते.)

विभवांतर वाढविले की प्रवाह वाढतो. इथेही तसेच, आणि धोका त्यातच आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतील संप्रेरकांमुळे आईवर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. साखर रक्तात अधिक वेळ राहते व बाळाला मिळते. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवून तोल सांभाळते. ज्यांना ते जमत नाही त्यांना गरोदरपणातील मधुमेह होतो. तेव्हा आईची साखर वाढते, उतार तीव्र होतो आणि वारेपाशी दार लावणारा कोणी पहारेकरी नसतो. आईचे इन्शुलिन मात्र वार ओलांडत नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन जोराने बनवू लागते, आणि त्याच्या प्रभावाने बाळाच्या अंगावर चरबी चढते. 1950 च्या दशकात कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी ही कारणमीमांसा मांडली. गुटगुटीत बाळ पाहून घरचे खूश होतात. डॉक्टर तितके होत नाहीत.

कारण नाळ कापली, की साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, पण बाळाच्या रक्तातील इन्शुलिन लगेच उतरत नाही. पहिल्या काही तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते; मेंदूला तर तीच हवी असते. म्हणून अशा बाळाला शक्यतो पहिल्या तासातच आईचे दूध पाजतात, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजतात, आणि काही तासांनी पुन्हा मोजतात.