सहाच्या आतली बिअर

युद्धोत्तर ऑस्ट्रेलियातील सामान्य पुरुषाच्या सामाजिक आयुष्याचा वृत्तान्त लिहू जाणाऱ्यास सायंकाळी पाच ते सहा या एका तासापासूनच आरंभ करावा लागेल. कारण गोदीतील हमालापासून कचेरीतील कारकुनापर्यंत बहुतेकांची सुटका पाचच्या सुमारास होई, आणि मद्यगृहांनी आपली विक्री सहाला थांबवावी, असा सिडनी व मेलबर्न या दोन्ही शहरांत सरकारी हुकूम होता.

हा हुकूम पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीतला. १९१६ च्या फेब्रुवारीत सिडनीजवळच्या छावणीतील रंगरूटांनी लिव्हरपूल गावी मद्यगृहे लुटून दंगल माजविली. तेव्हा मद्यनिषेधवाद्यांच्या जुन्या मागणीस अकस्मात बळ आले, आणि त्या एकाच वर्षात चार राज्यांत सहाची मर्यादा लागू झाली. टास्मानियाने ती १९३७ मध्ये सोडून दिली. न्यू साउथ वेल्सच्या मतदारांनी मात्र दुसरे महायुद्ध संपल्यावरही, १९४७ च्या जनमतात, तीच कायम राखली.

पुरुषाने कुटुंबात वेळेवर परतावे हा कायद्याचा हेतू. पण घड्याळ पुढे सरकत असताना माणूस तहानेचा हिशेब न करता उरलेल्या मिनिटांचा करतो, एवढी साधी गोष्ट कायदेपंडितांच्या ध्यानी आली नाही. खुर्च्या-मेजांनी अडणारी जागा गिऱ्हाइकांसाठी मोकळी झाली, भिंतींना धुण्यास सोप्या फरशा बसल्या, आणि नळाशी ग्लास नेण्यातला विलंबही परवडेना म्हणून बिअरच रबरी नळीतून ग्लासांपर्यंत येऊ लागली. त्यात ‘शाउट’ची प्रथा : टोळक्यातील प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांचे पैसे भरावयाचे, आणि आपली पाळी येण्यापूर्वी निघून जाणाऱ्याची गणना कवडीचुंबकांत व्हावयाची. सहा जण एकत्र आले की सहा ग्लास ठरलेले, मग वेळ तासाचा असो वा अर्ध्या तासाचा! जॉन ओग्रेडी यांच्या १९५७ च्या विनोदी कादंबरीतील नवागत इटालियन नायकाला या देशाचे पहिले धडे मिळतात ते अशाच बारमध्ये, हे यथार्थच म्हणावयाचे.

मुंबई इलाख्यातील १९४९ चा दारूबंदी कायदा ज्यांनी अनुभवला, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. परंतु ऑस्ट्रेलियात निषेध पेयाचा नव्हता, केवळ वेळेचा होता, आणि म्हणूनच तो अधिक चिवट ठरला असे मला वाटते. धर्मोपदेशकांना त्यात नीतीचा जय दिसे, तर मद्यगृहाच्या मालकाला दिवसभराची कमाई थोडक्या नोकरांत, खुर्ची-गालिच्यांच्या खर्चावाचून, तासाभरात पदरी पडे. अशी विजोड युती मोडणे अवघड. न्यू साउथ वेल्समध्ये न्यायमूर्ती मॅक्सवेल यांच्या चौकशी आयोगाने मद्यव्यवसायाची झडती घेतली, १९५४ च्या जनमतात अल्प मताधिक्याने कौल फिरला, आणि १ फेब्रुवारी १९५५ पासून मद्यगृहे रात्री दहापर्यंत खुली झाली. मेलबर्नने मात्र ऑलिंपिकचे यजमानपद मिरविले त्याच १९५६ साली हा बदल नाकारला. तेथे सुटका झाली ती १९६६ मध्ये, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याच्याही पुढच्या वर्षी.

चित्रकार जॉन ब्रॅक यांच्या १९५४ च्या ‘द बार’ या चित्रात हा तास पकडला आहे : पुढे बार सांभाळणारी स्त्री, मागच्या आरशात गर्द कपड्यांतील, एकमेकांसारख्याच चेहऱ्यांच्या पुरुषांची दाटी. ग्लास भरून देणारी स्त्री सर्वांना चाले; ग्लास हाती घेऊन शेजारी उभी राहणारी चालत नसे. तिच्यासाठी निराळी बैठकीची खोली असे, आणि तेथे तोच माल बहुधा चढ्या दराने मिळे. क्वीन्सलंडच्या ब्रिस्बेनमध्ये, जेथे सहाची मर्यादा कधी नव्हतीच, तेथेही सार्वजनिक बार कायद्याने पुरुषांचाच होता. म्हणजे या रिवाजाचे मूळ घड्याळात नव्हते. ३१ मार्च १९६५ रोजी मर्ल थॉर्न्टन व रोझली बोग्नर या दोघींनी तेथील रीगाटा हॉटेलात बारच्या कठड्याशी स्वतःस साखळीने बांधून घेतले. पोलीस आले, वादावादी झाली. बारमधल्या काही पुरुषांनी मात्र कायदा बाजूस सारून त्यांना बिअर आणून दिली. क्वीन्सलंडने आपला कायदा बदलला तो १९७० मध्ये.