जाणत्याचा संदर्भग्रंथ

जुन्नर-आंबेगावकरांना खोडदची रेडिओ दुर्बीण नवी नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणाऱ्या लहरी त्या टिपतात. परंतु टिपलेले सारे जुळवून त्यातून चित्र काढतो तो संगणक, आणि संगणकाला कामाला लावतो तो प्रोग्रामर. अशा कसलेल्या माणसाने आपल्या मेजावर कोणता ग्रंथ ठेवावा, हा आजचा प्रश्न आहे.

शिकण्याचे पुस्तक आणि पाहण्याचे पुस्तक या भिन्न वस्तू होत. नवशिक्याला हात धरून नेणारे पुस्तक हवे. जाणत्याला वाट ठाऊक असते. तो अडतो एखाद्या फाट्यावर. तेथे त्याला नेमके उत्तर हवे, प्रवचन नको. कर्निघन व रिची यांचे 'सी' भाषेवरील पुस्तक १९७८ साली निघाले. त्याची १९८८ची दुसरी आवृत्ती तीनशे पानांच्या आत आटोपते, तरी तिच्या परिशिष्टात भाषेचे नियम क्रमवार दिले आहेत. तेव्हा जाडी म्हणजे गुण नव्हे.

दुसरी कसोटी काळाची. गेल्या सालचे पंचांग कितीही अचूक असो, यंदाची तिथी त्यात सापडत नाही. 'पायथन' भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ ला २ ने भागले की उत्तर ३ येई; २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तीच मांडणी ३.५ देते. जुन्या पुस्तकावर विसंबणाऱ्याचा प्रोग्रॅम येथे अडत नाही, तक्रार करीत नाही. मुकाट्याने निराळा आकडा देतो. वेधशाळेत काय किंवा पतपेढीच्या हिशेबात काय, अशी मुकी चूकच सर्वांत महाग पडते. उलट, डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८चा. पण त्याचा विषय गणनेच्या मूळ रीती हा असल्याने तो लवकर शिळा होत नाही. म्हणजे भाषेचा ग्रंथ ताजा पाहावा, तत्त्वाचा जुनाही चालेल.

मग परीक्षा कशी करावी? घेण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी धरावेत: उत्तर पक्के ठाऊक असलेला एक, नुकताच आपल्याला अडविणारा दुसरा, आणि नियमाच्या अपवादाचा तिसरा. पहिल्याने ग्रंथाचा खरेपणा कळतो, दुसऱ्याने उपयोग, तिसऱ्याने खोली. शेवटच्या सूचीवरून तिन्ही उत्तरे चटकन सापडली, तर खुशाल घ्यावा. वैद्य, वकील आणि बागाईतदार यांनीही आपापल्या ग्रंथांना हीच कसोटी लावून पाहावी.