निळं टोक, लाल टोक

जुनी गाडी सांभाळताना : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण रेडिएटरपाशी थांबलो होतो. इंजिनातून ९० अंशांच्या आसपास तापून निघालेलं कूलंट तिथे गार होतं, हे पाहिलं. त्याच कूलंटची एक बारीक वाट डॅशबोर्डच्या आत शिरते. तिथे वीतभर लांबीचा आणखी एक रेडिएटर बसवलेला असतो, तोच हीटर. त्याला वेगळं इंधन लागत नाही. इंजिनाची वाया जाणारी ऊब तो आत आणतो, एवढंच. पेट्रोल जास्त जाईल म्हणून हीटरला हात न लावणारे पुष्कळजण आहेत, त्यांनी ही भीती मनातून काढून टाकावी. एसीचं तसं नाही. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो आणि आठशे सीसीच्या गाडीला चढावर तो भार लगेच जाणवतो.

डॅशबोर्डवर ब्लोअरचा वेग, हवेची दिशा, बाहेरची की आतली हवा, आणि निळ्यापासून लाल रंगापर्यंत जाणारा खटका असतो. यातला शेवटचा सर्वांत दुर्लक्षित. बहुतेक गाड्यांत तो वर्षानुवर्षं निळ्या टोकाला रुतून बसलेला दिसतो. त्याच्यामागे सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल असते. काही गाड्यांत ती हवा वळवणारी झडप हलवते, काहींत गरम पाण्याच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह. तापमान मोजणारं तिथे काहीच नसतं. आपण किती गरम हवा मिसळायची तेवढं हाताने ठरवतो.

झेन, एस्टीम, सँट्रो या पिढीतल्या कंपनीनेच एसी बसवून दिलेल्या गाड्यांत ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि मग हीटरकडे. हा क्रम नीट लक्षात घ्या, कारण आजचं सगळं सांगणं त्यावरच उभं आहे. एसी आणि हीटर एकाच वेळी चालवता येतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते तसे चालवायलाच हवेत.

जुलैत खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की काय होतं, ते आठवा. काचा बंद, आत चार माणसं, पायाशी ओल्या छत्र्या. बाहेरच्या गार पावसाने समोरची काच थंड पडलेली. श्वासातलं बाष्प तिच्यावर धरतं आणि पुढचा ट्रक नुसता लाल डाग होऊन जातो. मग चालक एका हाताने फडकं फिरवत राहतो. फडक्याने काच ओली होते, पुसलेल्या जागी पुन्हा धुरकटते, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी त्या फराट्यांतून काहीच दिसत नाही. घाटात हे जिवावर बेतू शकतं.

अशा वेळी हवेची दिशा समोरच्या काचेकडे करा, एसी चालू करा, ब्लोअर वाढवा आणि खटका निळ्यावरून मध्याच्याही पुढे, लाल बाजूला न्या. आतलीच हवा फिरवत असाल तर बाहेरची हवा आत घ्या. कूलिंग कॉइलचा पत्रा शून्याच्या जरा वर, चार-पाच अंशांवर असतो. हवा त्याच्यावरून जाताना तिच्यातलं पाणी कॉइलवरच गळून पडतं. तीच कोरडी झालेली हवा पुढे हीटरवर गरम होते आणि काचेवर आली की तिथलं बाष्प उचलून घेते. मिनिट-दोन मिनिटांत काच स्वच्छ होते. नुसत्या एसीनेही होते, पण गाडीतली माणसं कुडकुडतात, मग कुणीतरी एसी बंद करायला लावतं आणि काच पुन्हा जैसे थे. नव्या गाड्यांत काचेचं बटण दाबलं की बऱ्याचदा एसी आपोआप चालू होतो. जुन्यात ते आपण करायचं.

कधीकधी याच्या उलट होतं. कोकणातल्या दमट, उकाड्याच्या रात्री एसीचा गार झोत काचेवर सोडला की बाष्प काचेच्या बाहेरच्या बाजूला धरतं. आतून बोट फिरवून फरक पडत नसेल तर वायपर एकदा फिरवून बघा. काच लख्ख झाली तर दव बाहेर आहे. मग झोत काचेवरून काढायचा आणि गारवा थोडा कमी करायचा.

प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडरमध्ये मागाहून बसवलेला, डॅशबोर्डखाली लटकणारा एसी असेल, तर त्याची हवा हीटरमधून जात नाही. तिथे ही युक्ती पूर्णपणे लागू पडत नाही.

उन्हाळ्याबद्दल एकच गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्यापायी लोकांचे पैसे नाहक जातात. एसी पूर्वीसारखा गार करत नाही म्हटलं की गाडी थेट गॅस भरायला जाते. आधी घरीच एक तपासणी करा. गाडी वीस मिनिटं चालवून इंजिन तापू द्या. एसी बंद, खटका पूर्ण निळ्याकडे, बाहेरची हवा चालू, ब्लोअर मध्यम. झोतापुढे हात धरा. बाहेरच्यापेक्षा स्पष्ट गरम हवा येत असेल तर झडप किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये, आणि एसीने गार केलेली हवा तुमचाच हीटर पुन्हा तापवतोय. केबल ताणली जाते, तिची क्लिप सुटते, व्हॉल्व्ह गंजून अडकतो. क्लिप बसवणं हे साधं काम आहे. महिन्यातून एकदा खटका या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलात तर तो अडकतही नाही.

गॅस आपोआप संपत नसतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने १९८७च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद होत गेला आणि आर-१३४ए आला. दोन्हींना लागणारं तेल वेगळं. म्हणून इतकी जुनी गाडी असेल तर तेल, ड्रायर आणि जोड बदलल्याशिवाय नवा गॅस भरून घेऊ नये. आणि आर-१३४एसुद्धा हवेत सोडून देण्याची वस्तू नाही. पृथ्वी तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक भारी आहे. मशीनने काढून घेणारा मेकॅनिक शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

थंडीचं फार नाही. निफाडकडच्या पहाटे इंजिनाचा काटा वर सरकेपर्यंत ब्लोअर लावू नका, तोवर गार हवाच येणार. आणि थंडीतही अधूनमधून पाच-दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलपर्यंत तेल पोहोचत राहतं.

मे महिन्यात कसारा घाटात काटा लालकडे चढू लागला, तर एसी बंद करून काचा उघडा आणि हीटर पूर्ण लाल टोकाला, ब्लोअर पूर्ण वेगात लावा. अंगाची लाही होईल, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या छोट्या रेडिएटरमधून बाहेर पडेल. तरीही काटा उतरला नाही, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

राहिली पुढच्या सीटखालची ओल. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते कॉइलवरचं, ते ठिबकायलाच हवं. ते थांबलं आणि शेजारच्या माणसाच्या पायाखालचं मॅट भिजू लागलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. पण ती ओल बोटाला चिकट लागली, गोडसर वास आला आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर धरू लागला, तर हीटरच गळतोय. मग कूलंटची पातळी त्याच दिवशी बघा आणि दुरुस्तीपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.